डबल बेल

जुनी कॅसेट उघडायची तर दादा स्क्रू शोधत बसत नाही. कडेच्या खाचेत बाद झालेलं एटीएम कार्ड सरकवतो आणि मनगटाला एक पीळ देतो. आत निघते बोटाएवढी हिरवी पट्टी, आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा. बाहेरच्या स्टिकरवर ‘9999 इन 1’ असं छापलेलं असतं. गोळ्यात असतात पाच-सात गेम, तेच ते वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा मोजलेले. पुढे काहीतरी नवीन निघेल म्हणून लहानपणी आम्ही दोघं एका सुट्टीत दोन हजारापर्यंत गेलो होतो. दादा ती पट्टी डब्यात टाकतो, कवच साबणाच्या पाण्यात बुडवतो आणि वाळलं की त्यात आमची पट्टी बसवतो. आमचा गेम स्टुडिओ म्हणतात तो एवढाच: सांगलीत एसटी स्टँडजवळ दादाचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान, त्याची मागची खोली, आणि पुण्यात माझं जेवणाचं टेबल.

जुलै 1983 मध्ये जपानात निन्टेन्डोचं फॅमिकॉम निघालं. आपल्या घरांत ते त्या नावानं कधी आलंच नाही. आली ती त्याची नक्कल, जिला सगळे नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचे. आम्ही त्या यंत्रासाठी नवे गेम बनवतो. असं करणारे जगभर आहेत. जर्मनीतल्या मॉर्फकॅट मंडळींनी 2018 साली लोकवर्गणी काढून ‘मायक्रो मेजेस’ नावाचा, चौघांपर्यंत मिळून खेळता येणारा गेम केला, तोही अवघ्या 40 किलोबाइटांत. तो पाहून मी दादाला फोन केला होता. तो म्हणाला, “अगं, कवचं माझ्याकडे पोतंभर पडलीत.” स्टुडिओची स्थापना म्हणायची तर ती ही.

दिवसभर मी एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. तिथे आज काही बिघडलेलं गेलं तर पुढच्या मंगळवारी दुरुस्ती जाते, म्हणून कुणी फारसं अस्वस्थ होत नाही. रात्री जे लिहिते ते चिपमध्ये भरलं, कवच बंद झालं, पोस्टात पडलं की संपलं. त्यातली चूक त्या माणसाच्या घरी कायमची राहायला जाते. यंत्राची काम करायची मेमरी 2 किलोबाइट. युनिकोडच्या UTF-8 पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे या लेखाचे वरचे दोन परिच्छेदसुद्धा तिच्यात मावणार नाहीत. पण त्याचं मला आता काही वाटत नाही. लहान घरात वाढलेल्या माणसाला कपाट कुठे ठेवायचं ते बरोबर सुचतं.

आमचा दुसरा गेम एसटी कंडक्टरचा. इलेक्ट्रॉनिक मशीन यायच्या आधीचा काळ: तिकिटांचा ट्रे, चिमट्याची टकटक, छतालगतची घंटीची दोरी. पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडायची, सुट्टे पैसे परत करायचे, एक घंटी देऊन गाडी थांबवायची, दोन देऊन सोडायची. कल्पना दादाची. दिवसभर स्टँडवरचा भोंगा ऐकणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार!

कागदावर सोपं वाटलं. पण या यंत्रात हलणारी चित्रं, म्हणजे स्प्राइट, एका वेळी 64, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त 8. नववं असेल तर ते काढलंच जात नाही. आमचा उभा प्रवासी दोन स्प्राइटांच्या रुंदीचा. म्हणजे एका ओळीत चार प्रवासी उभे राहिले की गाडी भरली, आणि पाचवा, खुद्द कंडक्टर, गायब. पहिल्यांदा हे झालं तेव्हा दादा म्हणाला, “बरोबरच आहे की. गर्दीत कधी दिसतो तो?” यावर जुना तोडगा असा, की दर चित्राला क्रम फिरवायचा. या वेळी हा गाळायचा, पुढच्या वेळी तो. मग कुणीच पूर्ण गायब होत नाही, सगळेच लुकलुकतात. लहानपणी गेममध्ये शत्रू वाढले की चित्र थरथरायचं, ते मला गेम तापल्याचं लक्षण वाटायचं. तो क्रम फिरत असायचा. शेवटी आम्ही बसलेल्या प्रवाशांना स्प्राइटांतून काढून पार्श्वभूमीत रंगवलं. ते आता सीटचाच भाग आहेत, हलत नाहीत, मोजणीत येत नाहीत. एकदा जागा मिळाली की माणूस तसाच होतो. उभे मात्र तिघांच्या वर कधी नाहीत. इतकी रिकामी एसटी सांगली-इस्लामपूर रस्त्यावर मी पाहिलेली नाही, पण त्याला इलाज नाही.

सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या अक्षरांत. पार्श्वभूमीचं चित्र 8 बाय 8 ठिपक्यांच्या फरशांनी बनतं आणि वेगवेगळ्या फरशा एका तक्त्यात 256. सीट, खिडक्या, दांडे, घाटाचे डोंगर आणि अक्षरं, सगळं त्यातच. इंग्रजीचं भागतं, सव्वीस अक्षरं, दहा अंक, संपलं. मराठीत एकेका अक्षराला तीन मजले लागतात. वर वेलांटी आणि मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. शिरोरेषेनं मात्र फार साथ दिली. प्रत्येक फरशीची वरची ओळ ती असल्यामुळे फरशा शेजारी ठेवल्या की शब्द आपोआप जोडला जातो. उरलेल्या सात ओळींत ‘क’ बसला, ‘र’ ऐसपैस बसला, ‘ण’नं छळलं, ‘क्ष’ला शेजारची फरशीही द्यावी लागली. जोडाक्षरं तर मी वाक्यांतूनच हद्दपार केली. ‘तिकीट घ्या’ म्हणायला ‘घ्य’ लागतो, म्हणून आमचा कंडक्टर ‘बोला, कुठं?’ म्हणतो. खरा कंडक्टरही तसंच म्हणतो, हे नंतर लक्षात आलं.

या काटकसरीत एक पाप घडलं. खालच्या मजल्यावर दोन उकार हवे होते, ऱ्हस्व आणि दीर्घ. तक्त्यात जागा एकच. एका फरशीला 16 बाइट लागतात. मी ऱ्हस्व ठेवला. कंडक्टरचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, ‘पुढे सरका, मागून येतायत’. ते ‘मागुन’ झालं. या वेळी 48 कॅसेट बनवल्या होत्या. बऱ्याच परदेशी संग्राहकांकडे गेल्या, ज्यांना ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय. एक मात्र दादानं कौतुकानं आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना नेऊन दिली आणि त्यांच्या टीव्हीला यंत्र जोडूनही दिलं. आठवड्यानं बाईंनी खोका परत पाठवला. आतल्या माहितीपत्रकावर लाल पेनानं गोल केलेलं होतं आणि शेजारी एकच शब्द: ‘दीर्घ!’ गेम कसा वाटला याबद्दल काही नव्हतं. (ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरची म्हातारी फुकट जाते, हे त्यांनी दादाला तोंडी सांगितलं, म्हणजे खेळल्या होत्या.) मी घाटातला एक डोंगर काढला आणि दीर्घ ऊकार आणला. त्या 48 कॅसेट मात्र जिथे आहेत तिथे ‘मागुन’च म्हणत राहतील.

या सगळ्यापेक्षा मला जास्त विचारात पाडलं ते आवाजानं. जपान-अमेरिकेतलं यंत्र सेकंदाला 60 चित्रं दाखवतं. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, 50 चित्रांचे, म्हणून इकडच्या नकला 50 वर चालायच्या. गेमची चाल आणि गाण्याची लय चित्रांच्या ठोक्यावर बांधलेली, त्यामुळे मारिओ आमच्याकडे सहाव्या हिश्श्यानं सावकाश धावायचा. शिवाय यातल्या कित्येक नकलांच्या चिपमध्ये एक मजेशीर उलटापालट आहे. यंत्राला चौकोनी लहरीचा बारीक, किनरा आवाज मागितला की ते गोल, पोकळ आवाज देतं, आणि गोल मागितला की किनरा. पुण्यात मी पहिल्यांदा अस्सल यंत्र ऐकलं तेव्हा ते घाईत आणि सर्दी झाल्यासारखं गाताना वाटलं. म्हणजे ज्या सुरांच्या ओढीनं मी हे सगळं मांडलं, ते सूर मूळ संगीतकाराला ठाऊकच नव्हते. ते एका चुकलेल्या जोडणीतून आले होते. आणि मला ते बरोबर वाटतात, आजही.

मग घंटी कुणासाठी जुळवायची? मी ती दादाच्या यंत्रावर जुळवली होती, एसटीच्या घंटीसारखी भरीव. अस्सल यंत्रावर तीच चमचा आपटल्यासारखी वाजली. 50 की 60 ते गेम सुरू होताना आपला आपण मोजून घेतो. लहरींची उलटापालट मात्र प्रोग्रामला बाहेरून कळत नाही, ती खेळणाऱ्यालाच विचारावी लागते. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीला एक प्रश्न टाकायचा ठरलं: संच कोणता?

मी ‘खरा’ आणि ‘खोटा’ लिहिलं. दादा म्हणाला, “खोटा लिहिलंस तर हा संच टीव्ही लावू देणार नाही.” मग ‘मूळ’ आणि ‘नक्कल’. बाईंच्या कृपेनं ‘मूळ’चा ऊकार होता, पण ‘नक्कल’चा ‘क्क’ नव्हता आणि तक्ता 256 वर भरलेला. आणखी एक डोंगर काढला असता तर घाट उरला नसता. तासभर आम्ही हाताशी असलेल्या अक्षरांतून शब्द शोधत बसलो. बाहेर भोंग्यावर मिरजेची गाडी लागली, सुटली. शेवटी पडद्यावर एकाखाली एक दोन शब्द उमटले: ‘तिकडचा’ आणि ‘आपला’. एकही नवी फरशी लागली नाही.

बाण ‘आपला’वरच ठेवला होता. दादानं स्टार्ट दाबलं, घंटी दोनदा वाजली. त्यानं दुसऱ्या हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली नाही, नुसती मान हलवली आणि पुढची कॅसेट उघडायला घेतली.