कासवांचें माहेर : वेळास

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, मंडणगड तालुक्यांत, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. त्या खाडीच्या दक्षिणेस वेळास हें लहानसें गांव आहे. पैलतीरीं हरिहरेश्वर व श्रीवर्धन. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांबरोबर वेळासचे भानू देशावर गेले, व त्याच कुळांत पुढें नाना फडणीस (१७४२–१८००) झाले. शेजारचा बाणकोटचा किल्ला १७५६ च्या तहानें इंग्रजांकडे गेला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वेळास ठाऊक असेल तें या इतिहासामुळें.

परंतु आम्हांस तेथें नेलें तें कासवांनीं. बाळंतपणास लेक माहेरीं यावी, तशी समुद्रकासवाची मादी हिवाळ्यांत रात्रीं या किनाऱ्यावर येते, वाळूंत हातभर खोल खळगा करून सुमारें शंभर अंडीं घालते, आणि पिलांचें तोंडही न पाहतां परत जाते. पुढें दीड-दोन महिने वाळूची ऊब हीच त्यांची आई.

पूर्वीं हीं अंडीं माणसें खात व विकीत. उरलेलीं कोल्हीं-कुत्रीं उकरीत. २००२ सालीं चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्गमित्र’ संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें त्यांचें रक्षण आरंभिलें. अंडीं तितक्याच खोलीवर कुंपणाच्या आंत पुरावयाचीं, व पिलें निघालीं कीं तीं समुद्राकडे सोडावयाचीं, अशी ही रीत. २००६ पासून कासवमहोत्सव सुरू झाला. पाहुणे गांवकऱ्यांच्या घरींच उतरूं लागले. पडवींत पंगती बसूं लागल्या, आणि घरच्या बायकांच्या हातच्या सोलकढीस व उकडीच्या मोदकांस मोल आलें. जेथील तरुण पिढी पोटासाठीं मुंबईची वाट धरीत आली, तेथें हें भाग्य थोडकें नव्हे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानें या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ फळास येण्यास पांच-सात वर्षें लागतात. अशा वेळीं पाहुण्यांचा आधार किती मोठा, तें सांगणें नलगे.

मात्र याच भरभराटींत एक धोका आहे. वाळूंतून निघालेलें पिलूं उजेडाकडे धांवतें. रात्रीच्या समुद्रावरील फिकट प्रकाश हीच त्याची वाट. किनाऱ्यालगत दिवे झळकले, तर तें समुद्राकडे पाठ फिरवून वस्तीकडे वळेल. म्हणून वेळासनें वाढावें, पण किनाऱ्यावरचा अंधार राखून वाढावें, असें आम्हांस वाटतें. वाचकांनीं फाल्गुन-चैत्रांत मुलांबाळांसह तेथें अवश्य जावें, गांवकऱ्यांच्या घरीं उतरावें. आणि रात्रीं किनाऱ्याकडे जातांना हातांतला दिवा मात्र घरींच ठेवावा.