चिखल पाहिला, डांबर पाहिलं नाही

फोर बाय फोर गाडी घेतल्यावर टायरच्या बाबतीत माणूस ज्या ज्या चुका करू शकतो, त्यातल्या बऱ्याचशा मी केल्या आहेत. गरजेपेक्षा मोठे आणि दातेरी टायर हौसेनं बसवले, पैसे वाचवायला स्टेपनी जुनीच ठेवली, बर्फात भलत्याच खुणेवर विसंबलो. पैसे गेले त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण यातली एक चूक उघडी पडली तेव्हा शेजारच्या सीटवर आई बसली होती, आणि तेव्हापासून या विषयावर मी कुणी न विचारताही सांगत सुटतो.

आमचं शेत राधानगरीच्या पट्ट्यात आहे. कोल्हापूरहून निघालं की जवळजवळ सगळा रस्ता डांबरी, शेवटचा थोडा तुकडा लाल मातीचा. जून ते सप्टेंबर त्या तुकड्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि त्यांत पाणी साचून राहतं. जिम्नी घेतली ती त्याच तुकड्यासाठी. कंपनीनं दिलेले टायर 195/80 आर 15 मापाचे, एच.टी. म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीचे. पहिल्याच पावसाळ्यात गाडी चाकोरीत पोटावर टेकली आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागला. त्या संध्याकाळीच मी ठरवलं, टायर बदलायचे.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारला: चिखलात सगळ्यात चांगलं काय चालतं? उत्तर सोपं होतं. एम.टी., म्हणजे चिखलाचे टायर. मोठमोठे ठोकळे, मध्ये बोटभर रुंद खाचा. चाक फिरलं की खाचांतला चिखल भिरकावला जातो आणि ठोकळ्यांना पुन्हा नवी माती धरता येते. माप घेतलं 235/75 आर 15. मुळापेक्षा उंच, रुंद आणि चांगलेच जड. टायरवाल्याकडे जुन्या मालावर सूट होती, तीही आनंदानं घेतली. गाडी देखणी दिसायला लागली, हेही खरं. शेताच्या रस्त्यावर ती सरळ चढून गेली आणि माझी खात्री पटली.

पुढच्या जूनमध्ये आईला घेऊन कणकवलीला निघालो. दाजीपूर सोडून फोंडा घाट उतरायला लागलो तेव्हा सर सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. पावसाची ही पहिली घटका सगळ्यात वाईट असते. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेली धूळ, गाड्यांतून ठिबकलेलं डिझेल आणि ऑइल, झिजलेल्या रबराची भुकटी, हे सगळं पहिल्या पाण्यात भिजून त्याचा लगदा होतो. जोराच्या पावसानं तो धुऊन जाईपर्यंत डांबर साबणासारखं असतं. एका डाव्या वळणावर वरच्या बाजूनं लाल पाणी रस्त्यावर उतरत होतं. समोरून एस.टी. वर येत होती. वेग काही फार नव्हता. मी ब्रेक दाबला आणि पेडलखाली एबीएसची धडधड लागली. स्टिअरिंग डावीकडे वळवलेलं, पण गाडी वळायला तयार नव्हती. ती सरळ, अगदी सावकाश वाटावी अशी, एस.टी.च्या बाजूला सरकत गेली. त्या ड्रायव्हरनं प्रसंगावधान राखून आपली गाडी कडेला इतकी दाबली की तिचं मागचं चाक गटारीच्या काठाला लागलं. आमच्या दोघांमध्ये हातभर जागा उरली. त्यानं शिवी दिली नाही. नुसता खिडकीतून वाकून माझ्या टायरकडे बघत राहिला. आई म्हणाली, “बाजूला घे रे, जरा थांबू.” आम्ही खाली मोरीपाशी थांबलो, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्या दिवशी ब्रेक नीट काम करत होते, म्हणून तर एबीएस धडधडत होतं. पकड नव्हती ती टायरला. का नव्हती, हे मी नंतर शिकलो. टायर घेण्याआधी शिकायला हवं होतं. ओल्या डांबरावर टायरला दोन कामं असतात: मधलं पाणी बाजूला सारायचं आणि उरलेल्या पातळ थरातून रबर खडीला भिडवायचं. पाणी सारायला रुंद खाचा उपयोगी पडतात, पण शेवटचा पातळ थर फोडायला ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा लागतात, ज्यांच्या अनेक कडा रस्त्याला धरतात. चिखलाच्या टायरला अशा चिरा फारच थोड्या असतात, कारण मोठा ठोकळा दगडधोंड्यावर फाटू नये म्हणून तो भरीव ठेवलेला असतो. मध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर मुळातच कमी. त्यात ते रबर तुटू नये म्हणून चिवट, आणि उंच ठोकळा ब्रेक मारताना मुडपतो. कोरड्या रस्त्यावर हे खपून जातं. भिजलेल्या घाटात नाही.

माझ्या बाबतीत आणखी एक भर होती. घरी आल्यावर टायरच्या बाजूवरचा डॉट हा शिक्का शोधला. त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1420 असेल तर 2020 सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. माझे टायर मी घेतले तेव्हाच काही वर्षं गोदामात पडून होते. रबर न चालवताही कडक होत जातं. सूट कशावर होती ते मला तेव्हा कळलं. टायरवाल्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. आकडे टायरवर छापलेले होते, मी वाचले नाहीत.

मोठ्या मापाचा हिशेबही मी तेव्हा केला नव्हता. 195/80 आर 15 टायरची उंची 693 मिलिमीटर भरते, 235/75 आर 15 ची साधारण 733. जवळजवळ सहा टक्के फरक. म्हणजे काटा 80 वर असताना गाडी पूर्वीपेक्षा सहा टक्के जास्त वेगानं पळत असते, आणि किलोमीटर मात्र कमी मोजले जातात, त्यामुळे काढलेलं ॲव्हरेजही चुकतं. दीड लिटरच्या इंजिनाला जड चाक फिरवायला जोर लागतो, थांबवायलाही ब्रेकवर ताण येतो. मागच्या दारावर लटकवायची तर तेवढीच जड स्टेपनी लटकवावी लागते.

स्टेपनीचं तर मी सगळ्यात वाईट केलं. पाच टायर घ्यायचे ते चारच घेतले. पाचवा जुना, कंपनीचा, दारावर तसाच. वर्षभरात एकदा सड्यावर जांभ्याच्या तुटक्या धारेनं मागच्या टायरची बाजू चिरली. अशा चिरीला पंक्चरची पट्टी चालत नाही, टायर गेलाच. जुनी स्टेपनी लावली आणि मग लक्षात आलं की आता चार चाकं एका मापाची नाहीत. अशा गाड्यांत फोर बाय फोरचा दांडा ओढला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधले जातात, मध्ये फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नसतो. एक चाक 40 मिलिमीटरनं लहान असेल तर दोन्ही आस वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि सगळी ओढाताण ट्रान्सफर केसवर येते. निसरड्या मातीत चाक घसरून थोडी सुटका होते, कडक जमिनीवर होत नाही. सडा म्हणजे कातळच. ज्या गाडीचा फोर बाय फोर वापरता यावा म्हणून मी एवढा खर्च केला, ती गाडी त्या दिवशी फोर बाय फोरशिवाय, धक्के देत, संध्याकाळ होईपर्यंत बाहेर काढली.

हिमाचलला गेलो तेव्हाची चूक वेगळ्या जातीची होती. टायरवर एम प्लस एस अशी अक्षरं होती, म्हणजे मड आणि स्नो, आणि मी निर्धास्त होतो. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला उतरलो तेव्हा रस्त्यावरचा बर्फ गाड्यांनी दाबून काचेसारखा झालेला. गाडी निघाली झकास, चारही चाकं ओढत होती. थांबताना मात्र ती थांबेना. चारही चाकांना ताकद मिळाल्यानं गाडी निघते, चढते; ब्रेक लावल्यावर प्रत्येक गाडी तिच्या टायरएवढीच चांगली असते. स्थानिक ड्रायव्हर साखळ्या बांधून शांतपणे जात होते, त्यांतल्या एकानं माझ्याही चाकांना बांधून दिल्या.

एम प्लस एस ही खूण टायर बनवणारा स्वतःच देतो, मुख्यतः नक्षीत मोकळी जागा किती आहे ते पाहून; त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. 1977 साली अमेरिकेत गुडइयरनं टिएम्पो हा ऑल सीझन रेडियल आणला तेव्हापासून बाराही महिने एकच टायर वापरायची सवय तिकडे रुजली, आणि ही अक्षरं सर्रास दिसू लागली. पण ती पुरेशी नाहीत हे तिथल्या उद्योगालाही मान्य करावं लागलं. 1999 पासून वेगळी खूण आली: तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. ती मिळवायला दाबलेल्या बर्फावर पकडीची परीक्षा द्यावी लागते. तीही मुख्यतः गाडी पुढे ओढण्याची परीक्षा, काचेसारख्या बर्फावर थांबण्याची नव्हे. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर ताठ व्हायला लागतं, हेही आपल्याकडच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं, कारण त्याची गरज पडत नाही. आपल्या फोर बाय फोरला वर्षातून एकदा हिमाचल दाखवायचं असेल तर त्यासाठी टायर बदलू नका, साखळ्या न्या.

आज मला वाटतं, माझी मूळ चूक प्रश्नातच होती. चिखलात गाडी ताशी दहाच्या वेगानं चालते. तिथं टायर कमी पडला तर गाडी रुतते, ट्रॅक्टर येतो, कपडे खराब होतात. ओल्या डांबरावर टायर कमी पडला तर समोर एस.टी. असते. मी जिथं चुकलं तर फक्त वेळ जाणार होता त्या जागेसाठी टायर घेतले, आणि जिथं जीव जाऊ शकतो त्या जागेचा विचारच केला नाही. शेताचा रस्ता माझ्या एकूण फिरण्यात अगदी थोडा, पण तो डोळ्यांसमोर होता, कारण रुतल्याची लाज तिथं वाटली होती.

आणि तो चिखलसुद्धा मूळ टायरांनी पार झाला असता. हे मला एका जुन्या जीपवाल्या काकांनी शिकवलं. शेताच्या तोंडाशी गाडी उभी करून त्यांनी चारही टायरांची हवा 18 पीएसआयवर आणली. टायर खाली पसरला, जमिनीला टेकणारा पट्टा लांब झाला. मग लो गिअर टाकून, पाय न उचलता आणि न दाबता, चाकोरीच्या दोन्ही कडांवर चाकं ठेवून त्यांनी गाडी बाहेर काढली. “हवा परत भरल्याशिवाय डांबरावर जायचं नाही,” एवढंच बजावलं. कमी हवेचा टायर रस्त्यावर वेगात तापतो आणि वळणावर रिममधून सुटूही शकतो. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत टाकायला जो खर्च येतो, तो माझ्या त्या चार टायरांच्या तुलनेत काहीच नाही.

आता गाडीला ए.टी., म्हणजे डांबर आणि माती दोन्हींसाठीचे टायर आहेत, 215/75 आर 15 मापाचे. उंची मुळापेक्षा साधारण दीड टक्का जास्त, एवढं गाडीला सहज सोसतं. ठोकळे मध्यम, त्यांवर बारीक चिरा भरपूर. पाचही टायर एका जातीचे आणि एका वर्षाचे, आणि पाचवाही आळीपाळीनं फिरवतो. खोल काळ्या चिखलात ते भरतात आणि गुळगुळीत होतात, हे कबूल केलं पाहिजे. म्हणून फावडं आणि ओढायचा पट्टा बरोबर असतो. घाटात पावसात ते थांबतात. मी त्यांची नक्षी कायद्यातल्या 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजू देणार नाही. पावसाळ्यात तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मला नको आहे.

तुम्ही फोर बाय फोरला टायर घेणार असाल तर दुकानात जायच्या आधी गेल्या वर्षभरात आपण कुठं कुठं गेलो ते आठवा, आणि त्यातला ओला डांबरी रस्ता किती होता ते प्रामाणिकपणे मोजा. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे स्वतः वाचा, आणि पाच टायरांचे पैसे घेऊन जा. हे सगळं मे महिन्यात करा, पहिल्या सरीच्या आधी.