उधन्याच्या नाक्यावर

जानेवारी 1664 मध्ये सुरतेवर निघालेली शिवाजी महाराजांची फौज शहराच्या वेशीवर उधन्याला येऊन ठेपली. बड्या सावकारांनी येऊन खंडणीची बोलणी करावीत, असा निरोप शहरात गेला. कुणी आलं नाही. पुढं सुरत लुटली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. आज त्याच उधन्याला माझा खानदेश रोज गाडीतून उतरतो, आणि वसुली उलट्या बाजूनं चालते.

जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी ही रेल्वे. कोरडवाहू रानानं दगा दिला की माणसं भाकरी-ठेचा बांधून हिच्यात बसली, आणि उधना, लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांत अहिराणी नांदू लागली. श्रावणात इथं कानबाई देवी वाजतगाजत निघते. गावाकडचं घर, बहिणीचं लग्न, विहिरीचं कर्ज, सगळं सुरतेच्या पैशावर निभावलं. ते उपकार कोण नाकारेल?

माझे मामा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारीगर होते. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रातची. मजुरी मीटरवर. कापडात डाग निघाला, तार तुटलेली दिसली, की डॅमेज म्हणून पैसे कापले जात. ही कपात निदान वहीत दिसायची. दुसरी, कानांची, कुठंच लिहिली जात नव्हती. खात्यात मागांच्या आवाजात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून कारीगर हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलली की तार तुटली, अंगठा ओठांशी गेला की चहा. कानात सुताचे बोळे. मामा घरी आले तरी ओरडूनच बोलायचे. पुढं नातीचा बारीक आवाज त्यांना कळेनासा झाला. ती काहीबाही सांगत राही आणि ते हसून मान डोलवत.

1994 चा प्लेग, 2006 चा तापीचा पूर, 2020 ची टाळेबंदी. त्यांत गेलेल्यांची मोजदाद झाली. पाळीपाळीनं जाणारे कान कुणी मोजले? नाक्यावरची वसुली मात्र सगळ्यांना दिसते. गुजरातनं 2007 मध्ये शहरांची जकात उठवली. सुरत-धुळे रस्त्यावर मांडळच्या टोलनाक्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरतात, आणि उतरावंच. तिथं निदान फलकावर दर लिहिलेला असतो. खात्यात शिरणाऱ्या पोराला दर कुणी सांगत नाही, हा मला खरा अन्याय वाटतो.

आणि कायदा आहे. आवाजानं येणारा बहिरेपणा कामगारांच्या कायद्यात कामातून जडणारा रोग म्हणून नोंदलेला आहे, नुकसानभरपाईच्या तरतुदींतही आहे. आठ तासांच्या कामाला 90 डेसिबलची मर्यादा आहे; इथली पाळी तर बारा तासांची.

तुमच्या घरचं कुणी उधन्याला लूमवर असेल, तर ते अखाजीच्या सणाला गावी येईल तेव्हा त्याचे कान तपासून घ्या. तपासणीचा कागद आणि पगाराची चिठ्ठी एकत्र जपून ठेवा. उद्या भरपाई मागायची वेळ आली, तर पुरावा म्हणून तेच कामी येतील.