सुकडी

१९७२ साली माणदेशात पावसाने पाठ फिरविली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि धाकटा भाऊ नुकताच वर्षाचा झाला होता. आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. मुकादमाने हजेरीपटावर नाव चढविले, की बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून ती भावाला तीत निजवी आणि झोक्याचे काम माझ्यावर सोपवून हातोडी उचली. रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकरी त्या लेकराला चावणार कशी? म्हणून कामावर वाटली जाणारी सुकडी पदराच्या गाठीतून सोडून ती माझ्या तळहातावर ठेवी व बजावी, "पान्यात कालवून भरव त्याला, आन् सांडू नगंस."

मी सांडीत नसे. अर्धी, कित्येकदा अर्ध्याहून अधिक, मीच खात असे आणि मग ओले बोट त्याच्या तोंडात देऊन, तो निजेपर्यंत झोळी जोराने हलवीत असे.

पुढे मी शिकलो, शिक्षक झालो. भावाची शाळा चौथीतच सुटली, आणि उंचीने तो माझ्या खांद्याशीच राहिला. निवृत्तीनंतर एका डॉक्टर स्नेह्यांनी ग्वाटेमालातील एका प्रयोगाची हकीकत सांगितली : १९६९ ते १९७७ या काळात तेथील दोन खेड्यांत बालकांना प्रथिनयुक्त पेज दिली गेली, अन्य दोन खेड्यांत प्रथिनरहित गोड पेय, आणि ती मुले कर्ती झाल्यावर पाहता, जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पेज लाभलेल्या पुरुषांची ताशी कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक भरली, तिसऱ्या वर्षानंतर लाभलेल्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. डॉक्टर उत्साहाने मेंदूच्या वाढीविषयी सांगत होते. मी मनात वर्षे मोजीत होतो. त्याचे एक, माझे आठ. गढूळ पाणी, वारंवारची हगवण, आईचे आटलेले दूध ही कारणे होतीच, आणि चार चिमटी सुकडीने एखाद्याचे नशीब फिरते असे कोणताही शहाणा वैद्य म्हणणार नाही. तथापि तो युक्तिवाद करण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

भावाला हे मी अद्याप सांगितलेले नाही. गेल्या पौषात शेतावर गेलो, तेव्हा आगटीतले कणीस तळहातांवर चोळून, फुंकर घालून, हुरड्याची पहिली मूठ त्याने माझ्या हातावर ठेवली. "दादा, गरम हाय तवर खा."