साखरेचा हिशेब

भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. बातमी कितीही मोठी असो, तिच्यातला एखादा शब्दच त्याला आधी खुपतो. 'मधुमेहावर मात करणारे सायकलपटू' असे कुठे वाचले की माझे घोडे 'मात' या शब्दाशी अडते. बुद्धिबळात मात झाली की डाव संपतो. इथे तर तो रोज सकाळी नव्याने मांडावा लागतो!

अमेरिकेतल्या फिल सदरलँडचेच पाहा. १९८२ साली, अवघा सात महिन्यांचा असताना, त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह असल्याचे कळले. हा उतारवयात गाठणारा मधुमेह नव्हे. यात शरीर इन्शुलिन तयार करणेच जवळजवळ सोडून देते. ते जन्मभर बाहेरून घ्यावे लागते. पोराने पंचविशी गाठली तर नशीब, असे डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितले होते.

पुढे कॉलेजच्या दिवसांत फिलला जो एल्ड्रिज हा दुसरा मधुमेही सायकलवेडा भेटला. दोघांची पैज ठरली: रक्तातली साखर ज्याची जास्त, त्याने जेवणाचे पैसे द्यायचे. या पोरकट पैजेतून पथ्य अंगी लागले आणि पुढे 'टीम टाइप वन' हा संघ उभा राहिला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या सुमारे ३००० मैलांच्या शर्यतीत हा संघ २००६ साली दुसरा आला, २००७ साली पहिला. त्या वर्षी फिलला पंचविसावे सरले होते!

२०१३ पासून हा संघ इन्शुलिन बनवणाऱ्या 'नोव्हो नॉर्डिस्क' कंपनीच्या नावाने उतरू लागला. त्यातला प्रत्येक सायकलपटू मधुमेही. २०१९ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत, म्हणजे सुमारे २९० किलोमीटरांच्या एका दिवसाच्या दौडीत, सुरुवातीलाच पुढे निसटलेल्या टोळीत यांचे चौघे होते. मागच्या जथ्याने शेवटी त्यांना गाठले. पण तासन्‌तास ते सर्वांच्या पुढे होते.

आता त्या तासांत काय चालते ते ऐका. स्नायू राबू लागले की रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. आधी घेतलेले इन्शुलिन जास्त झाले तर हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. कमी पडले तर साखर चढते आणि पाय जड होतात. त्यातच शर्यतीच्या धास्तीनेही साखर वाढते, ती वेगळीच! म्हणून दंडाला किंवा पोटाला चिकटवलेल्या यंत्राचा आकडा पाहायचा, चढावर दम लागला असतानाही खिशातले काहीतरी तोंडात टाकायचे. तुमच्या-माझ्या शरीरात हा हिशेब न सांगता होतो. हे लोक तो हाताने मांडतात. बरे, इन्शुलिन खेळाडूंना वर्ज्य औषधांच्या यादीत. ज्याच्यावाचून जगता येत नाही, त्यासाठीही यांना खास परवानगी काढावी लागते.

हे सारे मी एवढ्या आस्थेने वाचले, त्याला कारण माझी भाची. तीन वर्षांपूर्वी, अकराव्या वर्षी, तिला हाच मधुमेह झाला. शाळेत सायकलने जायचा तिने हट्ट धरला होता. आमची ताई ऐकेना. "वाटेत चक्कर आली तर?" या प्रश्नाला घरात कोणाकडेच उत्तर नव्हते.

मी भाचीला या संघाची हकीकत सांगितली. तिने विचारले, "मामा, ते जिंकतात का?"

"मोठ्या शर्यतींत नाही."

"पण शर्यत पुरी करतात ना?"

"पुष्कळदा करतात."

"मग झालं तर," ती म्हणाली.

त्या दोन शब्दांत ताई विरघळली, असे मुळीच नाही. ती डॉक्टरांकडे गेली, प्रश्नांचा कागद भरून घेऊन. मग आठवडाभर मुलीच्या मागोमाग स्कूटरवरून गेली. आता भाची एकटी जाते. दप्तरात ग्लुकोजच्या गोळ्या असतात, निघण्यापूर्वी आकडा पाहिला जातो आणि पोचल्यावर फोन येतो. यंदा फराळाच्या ताटातल्या करंजीचाही हिशेब तिनेच मांडला, इन्शुलिन घेतले, आणि मग ती चवीने खाल्ली.