चेंडू सोडा, पाय बघा!

"मामा, आज चेंडूकडे बघायचंच नाही. फक्त त्या शॉर्टस्टॉपकडे बघ," भाचा म्हणाला, आणि पन्नास वर्षं मैदानं तुडवलेल्या माझ्या डोळ्यांना त्या दुपारी नवी नजर मिळाली!

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचं ब्लेअर फील्ड. लाँग बीच स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचं हे घरचं मैदान. सामना सुरू व्हायला तास होता, तरी होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या खुर्च्यांवर पाच-सात माणसं येऊन बसली होती. प्रत्येकाच्या हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. टाळी नाही, आरोळी नाही. हे स्काउट, म्हणजे व्यावसायिक संघांसाठी पोरं हेरणारे पारखी! कॉलेजात तिसरं वर्ष पूर्ण केलेला किंवा एकवीस वर्षांचा झालेला खेळाडू ड्राफ्टला पात्र ठरतो. मग जुलैत तीस संघ पाळीपाळीने आपापली पोरं निवडतात. 2021पासून या निवडीच्या वीस फेऱ्या होतात. कुणाला कितव्या फेरीत घ्यायचं, हे ठरवताना या वह्या उघडल्या जातात.

भाचा एकेक गोष्ट सांगत गेला आणि मी अधाशासारखा ऐकत गेलो. खेळाडूचे पाच गुण तपासतात: चेंडू बॅटवर घेण्याची हातोटी, फटक्यातली ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येकाला 20 ते 80 यांमधला अंक मिळतो. 50 म्हणजे सर्वोच्च लीगमधला सरासरी खेळाडू. आणि खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक गुणाला दोन अंक देतात, एक आजचा आणि एक उद्याचा! पोरगा आज कुठे आहे ते कुणालाही दिसतं. चार वर्षांनी तो कुठे असेल, हे आज वहीत लिहायचं. केवढी जोखमीची विद्या ही!

तेवढ्यात सराव सुरू झाला. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो. प्रशिक्षक जमिनीलगत फटके मारत होते आणि मी, भाच्याचं ऐकून, पोराच्या पायांवर नजर रोवून बसलो. काय दिसलं म्हणून सांगू! फटका बसायच्या किंचित आधी तो जागच्या जागी एक इवलीशी उडी घ्यायचा आणि पाय टेकता टेकताच चेंडूच्या दिशेने निघालेला असायचा. चेंडू त्याच्यापर्यंत पोचायचा तेव्हा तो आधीच तिथे हजर. म्हणून त्याला झेपावावं लागत नव्हतं, धडपडावं लागत नव्हतं. झेपावणाऱ्याला आपण टाळ्या देतो. स्काउट मात्र आधी पहिलं पाऊल बघतो.

मग एक चेंडू तिसऱ्या बेसच्या बाजूला खोल गेला. तिथून पहिला बेस सव्वाशे फुटांहून लांब. पोराने उलट्या हाताने चेंडू उचलला, उजवा पाय मातीत रुतवला आणि फेकला. सरळ रेषेत, छातीच्या उंचीवर! सगळे स्काउट एकदम वहीत वाकले आणि माझ्या अंगावर काटा आला.

सामन्यात पोरगा फलंदाजीला आला तेव्हा खटाखट स्टॉपवॉच दाबली गेली. होम प्लेट ते पहिला बेस, नव्वद फूट. उजव्या हाताचा फलंदाज हे अंतर साधारण 4.3 सेकंदांत कापतो, तेव्हा त्याची धाव सरासरी मानतात. बॅटची पारख त्याहून अवघड. कॉलेजात धातूच्या बॅट चालतात, व्यावसायिक खेळात लाकडीच लागते. म्हणून उन्हाळ्यात स्काउट मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड लीगला गर्दी करतात. तिथे कॉलेजची पोरं लाकडी बॅटने खेळतात.

भाच्याने मग याच संघातल्या दोघांची गोष्ट सांगितली. 2005मध्ये इथला शॉर्टस्टॉप होता ट्रॉय टुलोवित्स्की, उंचापुरा आणि दणकट फेकीचा. कोलोरॅडो रॉकीजने त्याला त्या वर्षी सातव्या क्रमांकावर उचललं. त्याच्या शेजारी तिसऱ्या बेसवर उभा असायचा एव्हन लाँगोरिया. शाळा संपली तेव्हा मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नव्हतं, म्हणून तो आधी एका कम्युनिटी कॉलेजात खेळला. इथे आला तर शॉर्टस्टॉपची जागा अडलेली! 2005च्या उन्हाळ्यात तो केप कॉड लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये तिसरा आणि 2008मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित!

आणि डस्टिन पेड्रोया? अ‍ॅरिझोना स्टेटचा शॉर्टस्टॉप, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. 2004मध्ये त्याच्याआधी चौसष्ट पोरांची नावं पुकारली गेली, मग पासष्टाव्या क्रमांकावर बॉस्टन रेड सॉक्सने त्याला घेतलं. त्यांनी त्याला दुसऱ्या बेसवर आणलं. 2007मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2008मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे शॉर्टस्टॉप पारखताना हाही प्रश्न विचारायचा असतो, की ही जागा त्याला पुढे झेपली नाही तर तो कुठे उभा राहील? फेक कमी असेल तर दुसरा बेस. अंग भरलं, पाय मंदावले, पण फेक आणि फटका दमदार असेल तर तिसरा बेस.

मी क्रिकेटपटू एकनाथ सोलकरांच्या झेलांच्या गोष्टी ऐकत शिवाजी पार्कच्या कडेला वाढलो. चेंडू यायच्या आधी माणूस कसा तयार असतो, याचं कौतुक तेव्हाही ऐकलं होतं. ते डोळ्यांनी बघायला मात्र लाँग बीचला यावं लागलं.

तेव्हा माझं एक ऐका. मैदान कुठलंही असो, खेळ कुठलाही असो, पुढच्या वेळी तासभर आधी जा. एकच पोरगा निवडा. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी त्याचे पाय काय करतात, ते बघत बसा.