पाहुण्यांच्या खोलीत काय ठेवाल?

दिवाळीच्या सुट्टीआधीचे चार-पाच दिवस वर्गात कसे जातात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. परीक्षा संपलेली, पेपर तपासायचे राहिलेले आणि मुलांचं लक्ष खिडकीबाहेर. त्या दिवसांसाठी मी एक उपक्रम राखून ठेवलेला आहे. सातवीच्या वर्गाला फळ्यावर एक ओळ लिहून देते : 'आपल्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत काय काय ठेवाल? यादी करा.'

आमची शाळा दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या एका गावात. कर्दे, मुरुड, लाडघर, हर्णै, आंजर्ले या पट्ट्यात तुम्ही कधी आला असाल तर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या जागोजागी पाहिल्या असतील. काहींनी निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केलेली असते, काहींनी नुसतंच माडीवर दोन खोल्या काढून न्हाणीघर जोडलेलं असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवीन पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेव्हा अनेक घरांना या खोल्यांचाच आधार झाला. सांगायचं कारण हे, की माझ्या वर्गातल्या मुलांना हा प्रश्न काल्पनिक नाही. शनिवारी दुपारी गाडी येणार असते, तेव्हा चादरी घालायला तीच धावतात.

तरीही पहिली यादी दरवर्षी सारखीच येते. एसी, मोठा टीव्ही, वायफाय, मऊ गादी, 'वेलकम ड्रिंक'. मोबाईलवर पाहिलेल्या हॉटेलची यादी असते ती. मी ती खोडत नाही. वही मिटायला सांगते आणि विचारते, "तुम्ही मामाकडे किंवा आत्याकडे राहायला गेलात, की पहिल्या रात्री काय सापडत नाही?"

मग वर्ग बोलायला लागतो. बाथरूमच्या दिव्याचं बटण. रात्री प्यायचं पाणी. ओला टॉवेल टाकायला दोरी. शर्ट अडकवायला खिळा. चार्जर लावायला जागा, कारण एकुलत्या एक प्लगला आधीच डासांचं मशीन लावलेलं असतं. एक मुलगी हळूच म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी पाणी मागायची लाज वाटते, बाई." यादी खरी सुरू होते ती इथून.

समुद्रावर आलेल्या माणसाच्या गरजा मुलं फार नेमक्या सांगतात. माणसं वाळूने भरून आणि खाऱ्या पाण्यात भिजून येणार, म्हणून नळ अंगणात हवा, खोलीत शिरायच्या आधी. पायपुसणं एक नाही, दोन, एक पायरीवर आणि एक उंबऱ्यापाशी. दोरी लांब आणि चिमटे भरपूर, कारण इथला वारा कपडे पोफळीत नेऊन टाकतो. न्हाणीघरात बादल्या दोन : एक अंघोळीची, एक खाऱ्या कपड्यांची. लाईट कधीही जाते, म्हणून विजेरी, आणि ती कपाटात नाही, उशाशी. मेणबत्ती ठेवली तर काडेपेटीही ठेवा, हे एकाने मोठ्या ठसक्यात सांगितलं. त्याच्या घरी तसं काही घडलं असावं. मी विचारलं नाही.

पाण्यावर तर भांडणच झालं. "आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, आम्ही तेच पितो" असा एक पक्ष. "पुण्यामुंबईचे लोक ते बघूनच बाटली विकत आणतात" असा दुसरा. शेवटी ठरलं ते असं : पाणी उकळून, गार करून झाकणाच्या तांब्यात भरायचं आणि तांब्याशेजारी चिठ्ठी ठेवायची, 'उकळलेलं आहे, सकाळी भरलं.' साधी गोष्ट आहे, पण पाहुण्याच्या मनातली शंका त्याने विचारायच्या आत ओळखणं हे भाषेच्या तासाचंच काम आहे असं मला वाटतं. वाचणाऱ्याला काय माहीत नाही हे ओळखून लिहायचं, हेच आपण निबंधात शिकवायचा प्रयत्न करतो आणि तिथे ते कोरडं होतं.

म्हाताऱ्या माणसांचा विचार आपोआप येत नाही, तो काढून घ्यावा लागतो. "तुमची आजी त्या खोलीत राहिली तर?" एवढं विचारलं की न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल येतं, कमोड येतो, खाली घातलेल्या गादीऐवजी खाट येते, आणि माडीच्या जिन्याला दोरखंडाचा कठडा येतो. लहान बाळ घरात असलेल्या मुलांनी दूध, पातेलं आणि चमचा लिहिला. जेवणाबाबत ठरलं, की ठेवण्याऐवजी फोनवरच विचारायचं : मासे चालतात का, कांदा-लसूण चालतो का, शेंगदाणा किंवा कोळंबी कुणाला बाधते का. शेवटचा प्रश्न ज्याने सुचवला त्याला स्वतःलाच कोळंबी बाधते. कोकणात राहून!

औषधाच्या डब्यात चिकटपट्टी, जंतुनाशक, तापाची गोळी. मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण विज्ञानाच्या सरांनी लिहून दिलं : एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. भिंतीवर १०८ आणि ११२ हे नंबर. त्याखाली एका मुलाने घातलेली ओळ : 'फोनला रेंज फक्त तुळशीपाशी येते.' त्या ओळीवाचून वरचे दोन्ही नंबर निरुपयोगी आहेत, हे वर्गाला लगेच पटलं.

आणखी एक सूचना इथल्याच मुलांना सुचेल अशी : 'बूट घालण्याआधी झटका.' लाल विंचू आमच्या कोकणात नवीन नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून अनेक जीव वाचवले आणि ते काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं, ही गोष्ट मी त्या दिवशी सांगते. पाठ्यपुस्तकात नसली तरी शेजारच्या जिल्ह्यातली आहे. पाहुण्याला विंचवाचं नाव वाचून धडकी भरेल का, यावर चर्चा झाली. 'विंचू' हा शब्द गाळून 'बूट झटका' एवढंच लिहायचं असं बहुमत झालं. मी विरोधात होते. कारण कळलं नाही तर कोण झटकणार? शेवटी 'क्वचित विंचू असतो' असं लिहिलं.

या सगळ्यात ज्या एका कागदासाठी मी हा उपक्रम दरवर्षी घेते तो म्हणजे भरती-ओहोटीचा. सुट्ट्या लागल्या की कोकणच्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून पर्यटक बुडाल्याची बातमी येते. बुडालेली मुलं पुष्कळदा सहलीला आलेली, कॉलेजातली असतात. पोहता येत असूनही जातात. ओल्या वाळूवर नेलेल्या गाड्या रुततात आणि भरती चढायला लागली की ट्रॅक्टर शोधायला धावाधाव होते, हे तर माझ्या विद्यार्थ्यांनी कितीदा तरी पाहिलंय. पाहुण्यांना एसी मिळाला नाही तर त्यांची रात्र उकाड्यात जाईल, इतकंच. भरतीची वेळ माहीत नसली तर काय होतं ते गावाला माहीत आहे.

म्हणून इथे गणिताचा तास जोडून घेते. आपल्याकडचा जुना हिशोब आहे : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला ४ × ३/४ म्हणजे ३ वाजता, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. अष्टमीला ६. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुलांना अपूर्णांकाचा गुणाकार इतका उपयोगाचा कधी वाटला नसेल. जागेप्रमाणे यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून मुलं आपलं उत्तर कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसांकडे जाऊन ताडून बघतात आणि वहीत दोन रकाने करतात, 'आमचं गणित' आणि 'तांडेलांनी सांगितलेली वेळ'. मग भूगोलाचा 'का?' आपोआप येतो. रोज भरती पाऊण तासापेक्षा थोडी जास्त का सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण का, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती का. सूर्य-चंद्राचं ओढणं फळ्यावरच्या आकृतीपेक्षा असं लवकर समजतं.

कागद तयार झाला, की त्याच्या भाषेकडे वळायचं. पहिल्या मसुद्यात हमखास 'समुद्रात पोहण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून' असं असतं. मी विचारते, हे वाचून तुम्ही थांबाल? कोणी थांबणार नाही. एका मुलीने मग लिहिलं : 'आज पूर्ण भरती तीन वाजता. त्यानंतर पाणी उतरायला लागलं की आत ओढतं. तेव्हा पाण्यात जाऊ नका. आम्हीही जात नाही.' ते शेवटचं 'आम्हीही जात नाही' तिला कुणी शिकवलं नव्हतं. हुकूम आणि सांगणं यातला फरक मी दहा उदाहरणं देऊन जेवढा समजावला नसता, तेवढा त्या तीन शब्दांनी समजला. आता सगळ्यांच्या कागदावर ते शब्द असतात. जवळच्याच वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, तिथल्यासाठीही मुलांनी एक ओळ केली : 'पिल्लं उजेडाला भुलतात, म्हणून किनाऱ्यावर विजेरी लावू नका.'

यादी पूर्ण झाली की मी तिला आणखी एक रकाना जोडायला लावते : 'हे कोण करतं?' हा रकाना भरताना वर्ग शांत होतो. पाणी उकळणं, आई. चादरी धुणं, आई. पहाटे बंब पेटवणं, आजी किंवा आई. घावनं, आई. गाडी लावायला जागा दाखवणं, बाबा. रकाना खालपर्यंत वाचला की काही बोलावं लागत नाही. मी बोलतही नाही. पुढच्या आठवड्यात एकदोघं सांगतात, "बाई, चादरी मी वाळत घातल्या."

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. गेल्या वर्षी मी विचारलं, पाहुणे यायच्या आधी खोलीतून काय काय बाहेर काढता? उत्तरं आली : जुने कपडे, धान्याची कोठी, शिवणयंत्र. एकाने लिहिलं, 'माझं दप्तर, माझं टेबल, मी.' गंमत म्हणून लिहिलं असेल, सगळे हसलेही. पण सीझनभर ते पोरगं पडवीत झोपतं आणि अभ्यास ओटीवर करतं. तिथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "बाळा, बीचला कुठून जायचं?" पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा एक आई म्हणाली, "बाई, सीझनला आम्ही तरी कुठं धड झोपतो? त्याच पैशांत याची फी निघते." तिचं खरंच आहे. खोली देऊ नका असं म्हणण्याचा मला काय अधिकार? मी एवढंच सुचवलं की माजघरात एक कोपरा, एक फळी आणि एक दिवा वर्षभर मुलाचाच राहू द्या, पाहुणे कितीही येवोत. तीन-चार घरांनी तसं केलंय. त्या मुलाच्या कोपऱ्यावर त्याने स्वतःच पाटी लावली आहे : 'इथे पाहुण्यांची सोय नाही.'

तुमची शाळा सातारा, लातूर किंवा पुण्यात असेल आणि मुलांच्या घरी पर्यटक उतरत नसतील, तरी हा उपक्रम चालतो. फक्त पाहुणा बदला. माझ्या एका मैत्रिणीने पिंपरीतल्या तिच्या वर्गात 'गावाहून पहिल्यांदा फ्लॅटमध्ये राहायला येणारी आजी' असा पाहुणा दिला. मुलांनी लिहिलं : गिझरचं कुठलं बटण दाबायचं आणि कुठला नळ आधी सोडायचा. दार ओढलं की आपोआप बंद होतं, म्हणून किल्ली गळ्यात. लिफ्टमध्ये आपला मजला. दुपारी सगळे बाहेर असताना बोलायला शेजारच्या कुठल्या काकू घरी असतात, त्यांचं दार कुठलं. आणि एकाने, 'सकाळी आजीला अंगण लागतं. ते नाही. म्हणून गॅलरीतल्या कुंड्या एका बाजूला सरकवून खुर्ची ठेवली.'